सातव्या चाकाचा झोल

गेले बावीस दिवस दिनानाथ घरत गोदामात माल रचायचे लाकडी पॅलेट मोजत होता आणि बावीसही दिवस ते दोनशे चौदाच भरत होते. भरणारच की! पॅलेट काय उठून उरणच्या बाजारात मासळी आणायला जातात? पण रितेश साहेबांचा हुकूम होता, सकाळ-संध्याकाळ मोजायचे. एकवीस वर्षं ज्याने कंपनीतली सगळ्यात नाठाळ मशीन सांभाळली, त्याला असलं काम द्यायचं म्हणजे त्याची चेष्टाच करायची, दुसरं काय? दिनानाथच्या डोक्यात रोज नव्याने तिडीक जायची.

ती नाठाळ मशीन म्हणजे कार्टन मशीन. एका बाजूने मसाल्याची भरलेली पाकिटं येतात, दुसऱ्या बाजूने पुठ्ठ्याची चपटी खोकी. मशीन खोकं उघडते, पाकीट आत ढकलते, झाकण मिटते आणि माल न्हावा शेव्याच्या कंटेनरची वाट धरतो. मापं तीन, पन्नास ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि दोनशे ग्रॅम. माप बदललं की मशीनच्या आतली सगळी अंतरं बदलावी लागतात. त्याला कंपनीत सगळे 'साइज चेंज' म्हणतात. त्यासाठी मशीनला नऊ चाकं होती, हाताने फिरवायची. प्रत्येक चाकाच्या मानेपाशी एक छोटी खिडकी, चाक फिरवलं की तिच्यातला आकडा फिरतो. कुठल्या मापाला कुठल्या चाकावर कुठला आकडा, हे दिनानाथच्या वहीत लिहिलेलं होतं. खरं तर वहीपेक्षा ते त्याच्या मनगटात होतं. पाऊण तासात नऊ चाकं, आणि सुरुवातीला वाया जाणारी खोकी चार, फार तर पाच. तो सुट्टीवर गेला की दोघंजण मिळून तेच काम दोन तास करायचे आणि खोक्यांचा ढीगभर चुराडा करून ठेवायचे.

मग सर्वो मोटरी आल्या, ठरलेल्या आकड्यावर आपोआप जाऊन थांबणाऱ्या. नऊ चाकं काढली, नऊ मोटरी बसवल्या, पुढ्यात एक स्क्रीन लावली. स्क्रीनवर बोट ठेवा, 'रेसिपी' निवडा, चार मिनिटांत साइज चेंज! आता मसाल्याच्या कंपनीत रेसिपी म्हटल्यावर बायकांनी काय समजायचं? लाइनवरच्या तुळसाने तर सरळ विचारलं, "म्हंजे मिरची कमी झाली काय?" मिरची कुठली! रेसिपी म्हणजे नऊ मोटरींचे नऊ आकडे. आणि हे आकडे आले कुठून? दिनानाथच्याच वहीतून. वही त्याने स्वतः नेऊन टेबलावर ठेवली होती. लपवली नाही, पान फाडलं नाही. हे एवढं ध्यानात असू द्या, कारण पुढे सगळं यावरच आलं.

कोणी खरं मानो न मानो, दिनानाथचा मोटरींवर राग नव्हता. त्याचे गुडघे कधीचे गेले होते. सातवं चाक तर मशीनच्या पोटाखाली, तिथे वाकून बसायचं म्हणजे उठताना देव आठवायचा. तिथे मोटर आली तर त्याला हवीच होती. त्याचा राग होता त्या मीटिंगवर.

काम सुरू व्हायच्या आधी मुंबईहून मोठे साहेब आले होते. सगळे मशीनभोवती गोल उभे राहिले. प्लँटचे मॅनेजर रितेश साहेब, पस्तिशीचे, रोज पनवेलहून येणारे, इंग्रजीत बराच वेळ बोलले. मोटरी बसवणारी पार्टी त्यांनीच शोधली होती, त्यामुळे बोलताना छाती जरा पुढेच होती. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "दिनानाथ, इतकी वर्षं तुम्ही मशीन बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

दिनानाथने खाली वाकून सातव्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "चांगलं हाय साहेब. पण झोल हाय. सात नंबरात तर लयच झोल हाय. तो आधी बघा, मंग पुढं जावा."

रितेश साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला, मोठे साहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि मीटिंग तिथेच आटोपली. दुसऱ्या दिवशी मोटरी आल्या, चाकं भंगारात गेली आणि दिनानाथ गोदामात! का, तर "आता मोटरी आल्या, तुमची तिथे गरज नाही." दिनानाथ मनात म्हणाला, चाकं काढली तसं मलाही काढलं, बरं झालं, समजलं. तोही काही कमी हट्टी नव्हता. बोलावल्याशिवाय मशीनकडे फिरकायचं नाही अशी त्याने मनाशी गाठ बांधली. येताना त्याने भंगाराच्या ढिगातून सातवं चाक तेवढं उचलून आणलं आणि पॅलेटच्या मागे ठेवलं. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मोटरी लागल्या आणि पहिल्याच दिवसापासून मशीनने रडगाणं सुरू केलं. सकाळी झकास चालायची. दुपारी साइज चेंज केला की खोकी आत तिरकी व्हायची, झाकण दुमडायचं, पाकीट अर्धं बाहेर, आणि लाल दिवा लागून सगळी लाइन ठप्प. तीस बायका हातावर हात ठेवून उभ्या.

मोटरींच्या कंपनीकडून प्राप्ती नावाची इंजिनिअर आली होती, म्हसळ्याकडची, लहानखुरी, बोलायला चटपटीत. तिच्या नाकी नऊ आले. दुपारीच बिघडते म्हणजे उकाड्याने बिघडत असणार, म्हणून तिने आधी मशीनला टेबलफॅन लावला. मग दोन फॅन. मग मशीनवरच्या पत्र्याला ओली पोती बांधून झाली. तुळसा जेवणाच्या सुट्टीत चार बायकांसोबत गोदामात येऊन सगळी बातमी द्यायची. "आज पोरीनं मशीनला थर्मामीटर लावला गो बाय! आता काढा पाजायचा राहिलाय." सगळ्या हसायच्या. दिनानाथ हसायचा नाही. त्याच्या मशीनला कोणी हसलेलं त्याला खपत नव्हतं, अजूनही.

एकदा त्याने तुळसाला विचारलं, "सकाली कुठला माप लावतान? आन दुपारी?"

"सकाली लहान, मंग मोठा. दुपारी मोठ्यावरशी उलटा खाली."

दिनानाथ उठून दारापर्यंत गेला. पाय मशीनकडे ओढत होते. मग त्याला आठवलं की आपल्याला कोणी बोलावलेलं नाही, आणि तो परत येऊन पॅलेट मोजायला लागला. दोनशे चौदा.

सोमवारी रितेश साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. 'मी दिलेल्या आकड्यांमध्ये चुका होत्या व त्यामुळे नव्या यंत्रणेच्या कामात अडथळा आला, हे मला मान्य आहे.' खाली दिनानाथ रामजी घरत, आणि सहीसाठी रेघ.

"माजे आकडे चुकीचे न्हाईत साहेब."

"दिनानाथ, मशीन तुमच्याच आकड्यांवर चालते."

"मंग सकाली कशी चालते? आकडा काय दुपारी जेवून झोपतो?"

रितेश साहेब कपाळ चोळत म्हणाले, "हे बघा, शुक्रवारी मोठे साहेब येणार आहेत. मला लेखी कारण द्यावं लागतं. नुसती सही करा, काही होणार नाही. नाही केलीत तर चौकशी लागेल. आकडे मुद्दाम चुकीचे दिले असं लोक म्हणतायत, मी म्हणत नाही."

लोक म्हणे! कुठले लोक? केबिनमध्ये तर हे दोघंच होते. दिनानाथला वाटलं कागदाचा बोळा करून समोरच्या पाण्याच्या ग्लासात टाकावा. पण निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. "शुक्रवारला देतो," म्हणाला आणि बाहेर आला. एकवीस वर्षांत त्याने एकदाही चुकीचा आकडा लिहिला नव्हता, आणि आता शेवटी फायलीत काय राहणार, तर हा माणूस खोटे आकडे देतो.

घरी आला तर बायको, मैना, अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याने कागद दाखवला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला.

"करून टाका सही. दीड वरीस तं राहिलाय. कोन बघतंय?"

"मी बघतंय ना! जल्मभर आकडे खरे ठेवले ते काय झक मारायला?"

"मना कशाला ओरडता? त्या साहेबाला ओरडा," मैना म्हणाली आणि बादलीतली साडी पिळली. "आन ती दोरी ताना जरा. कवाधरना सांगतंय, झोल परलाय, साड्या मातीला लागतान."

दिनानाथने खांबाला पाय लावून दोरी अशी करकचून ओढली की खांबच हलला. मैना म्हणाली, "दोरीनं काय केलाय तुमचा?" त्याने खांब सरळ करून बुडाशी दगड ठोकला. रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी प्राप्ती गोदामात आली. केस विस्कटलेले, हाताला ग्रीस, डोळे लाल. ती एका पॅलेटवर मट्‌कन बसली.

"काका, मी हात टेकले," ती म्हणाली. "रितेश सर म्हणाले होते तुमच्याकडे जाऊ नको, तुम्ही खुनशी आहात. पण उद्या मोठे साहेब येणार, आणि मला अजून कळत नाही की घोडं कुठे पेंड खातंय. तुम्ही एकदा हाताने साइज चेंज करून दाखवाल? मी नुसती बघते."

खुनशी! हे नवीन होतं. दिनानाथच्या तोंडावर आलं होतं की जा, तुझ्या साहेबालाच सांग. पण पोरीचा चेहरा बघून तो उठला. पॅलेटच्या मागून त्याने सातवं चाक काढलं, बनियनच्या कापडाने पुसलं आणि म्हणाला, "चल."

प्राप्तीने सातव्या मोटरीचा करंट बंद केला. मोटरीच्या मागच्या दांड्यावर चाक बसलं. मशीन दोनशे ग्रॅमवर होती, आकडा पंचावन्न. शंभर ग्रॅमला हवा बेचाळीस; बाकीच्या आठ मोटरी तिने स्क्रीनवरून शंभरवर नेल्या. दिनानाथ गुडघ्यावर हात दाबत मशीनच्या पोटाखाली शिरला आणि चाक फिरवलं. प्राप्ती स्क्रीनवर आकडा बघत उभी होती.

"झाला बेचालीस," तो खालून म्हणाला. "चालव."

मशीन चालली. वीस खोकी, तीस, पन्नास. एकही तिरकं नाही. दुपारचे दोन वाजले होते आणि टेबलफॅन बंद होता.

प्राप्ती स्क्रीनकडे बघतच राहिली. "काका, तुम्ही बेचाळीसच्या खाली का गेलात?"

"कुठं खाली गेलो?"

"चाळीसपर्यंत गेलात. मग परत वर बेचाळीसला आलात."

"छे! काहीतरीच. बेचालीस म्हंजे बेचालीस."

"परत करा."

त्याने परत केलं, आणि या वेळी स्वतःच्या हाताकडे बघत केलं. पंचावन्न, पन्नास, बेचाळीस आला, आणि हात थांबला नाही. तसाच खाली गेला, चाळीसला टेकला आणि वर येऊन बेचाळीसला उभा राहिला. दिनानाथने हात चाकावरून काढून घेतला. एकवीस वर्षं आपला हात हे करतोय आणि आपल्याला पत्ता नाही! बरं, वहीत लिहिणार तरी काय? माणूस आकडा लिहितो, आकड्यापर्यंत कसा गेला ते कोण लिहितं?

मग त्याला बाप आठवला. रामजी मिठागरात कामाला होता, आता कंटेनरची थप्पी लागते तिथेच. खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीला लाकडी फळी असायची. दिनानाथ लहानपणी ती फळी धरायचा, आणि बाप वरून ओरडायचा, "आधी बसव, मंग उचल!" फळी वरून सोडून खुणेला थांबवली की ती अधांतरी राहायची आणि पाण्याच्या धक्क्याने घसरायची. पूर्ण खाली बसवून मग खुणेपर्यंत उचलली की जागची हलायची नाही. ती सवय हाताने उचलली होती आणि थेट मशीनवर आणली होती.

"बघ," तो प्राप्तीला म्हणाला आणि चाक थोडं मागेपुढे हलवलं. "आत स्क्रूचे आटे झिजलेत. चाक फिरतंय, आकडा पन फिरतंय, आन बाजूची पट्टी जागची हलत न्हाय. येवढा मोकला जातंय. खाली जाऊन वर आला तं पट्टी घट्ट बसते. वरशी सरल खाली आला तं सैल ऱ्हाते, मंग खोका तिरका. तुजी मोटर सकाली लहानावरशी मोठ्याला जाते, तवा खालशीच वर येते. दुपारी उलटी."

प्राप्तीने कपाळावर हात मारून घेतला. "बॅकलॅश! आणि मी पोती बांधत बसले! नव्या मशीनला हे नसतंच, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. काका, हे कोणी सांगितलं का नाही मला?"

"मी बोललो ना पहिल्याच दिवशी! सगल्यांच्या म्होरं, मोठ्या साहेबाला. झोल हाय, सात नंबरात लयच झोल हाय."

प्राप्तीने इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "काका, रितेश सरांनी मला सांगितलं, तुम्ही मोठ्या साहेबांसमोर त्यांना चोर ठरवलंत. मोटरींच्या खरेदीत झोल आहे म्हणालात."

आता बोला! दिनानाथ मशीनच्या पोटाखाली तसाच बसून राहिला. तो अर्थ त्याला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? पंचायतीत झोल, सोसायटीत झोल, दिवसातून दहादा तो स्वतःच म्हणायचा. पण मशीनवर हात ठेवला की झोल म्हणजे झोल, दोरीला पडतो तो. दुसरं काही त्याच्या मनातही आलं नव्हतं. बावीस दिवस! टेबलफॅन, ओली पोती, थर्मामीटर, खिशातला तो कागद, आणि सगळं एका शब्दापायी. एकाने, फक्त एकाने विचारायचं होतं, कसला झोल? त्याला रितेश साहेबांचा भयंकर राग आला, आणि त्याच्या मागोमाग स्वतःचाही आला. मी तरी कुठे विचारलं, साहेब माझं काय चुकलं म्हणून? तोंड फुगवून पॅलेट मोजत बसलो.

प्राप्ती संध्याकाळपर्यंत स्क्रीनशी झगडत होती. प्रत्येक मोटर आधी आकड्याच्या खाली जाईल आणि मग वर येऊन थांबेल, असं तिने बसवलं. तिला शाबासकी द्यावी असं दिनानाथला वाटलं, पण सातवी मोटर घुर्र करून चाळीसला गेली आणि वर बेचाळीसला येऊन थांबली, तेव्हा तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. हुबेहूब त्याचाच हात. आता खरोखरच त्याची गरज उरली नव्हती, आणि ती शेवटची गोष्टही त्यानेच देऊन टाकली होती.

शुक्रवारी मोठे साहेब आले. सगळे पुन्हा मशीनभोवती गोल. दोनशेवरून शंभर, शंभरवरून पन्नास, परत वर, परत खाली. प्रत्येक वेळी चार मिनिटं, आणि लाल दिवा एकदाही लागला नाही. मोठे साहेब खूश झाले. रितेश साहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडलेला माणूस जरा जास्तच बोलतो.

"काल दिनानाथने मदत केली, सर," ते म्हणाले आणि हसत दिनानाथकडे वळले. "पण दिनानाथ, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

प्राप्ती पुढे झाली. "सर, त्यांनी पहिल्याच दिवशी..."

"थांब पोरी," दिनानाथ म्हणाला. खिशातून त्याने तो कागद काढला, मशीनच्या पत्र्यावर सपाट केला, प्राप्तीचं पेन मागून घेतलं. टाइप केलेल्या ओळींवर एक तिरकी रेघ ओढली आणि खाली सावकाश, वहीतल्यासारख्या अक्षरात लिहिलं. 'माझे आकडे बरोबर होते. झोल होता. तो मी पहिल्याच दिवशी सांगितला होता.' रेघेवर पूर्ण सही केली, दिनानाथ रामजी घरत, आणि कागद रितेश साहेबांना न देता सरळ मोठ्या साहेबांच्या हातात दिला.

मोठ्या साहेबांनी रेघ मारलेलंही वाचलं आणि खालचंही वाचलं. रितेश साहेबांचा रंग उडाला. बायकांनी हातातली पाकिटं खाली ठेवली. मोठ्या साहेबांनी कागदावरून मान वर केली.

"कसला झोल?" त्यांनी विचारलं.

तेवीस दिवसांनी का होईना, कोणीतरी विचारलं. दिनानाथने पेन प्राप्तीला परत दिलं.

"या साहेब, दावतो," तो म्हणाला. "पन वाकावं लागंल."

आणि गुडघ्यावर हात दाबत तो मशीनच्या पोटाखाली शिरला. त्याच्या मागे मोठे साहेब वाकले, आणि मग, दुसरा इलाजच नव्हता, रितेश साहेबही वाकले.